बटण दाबलं, मग पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली मोबाईलवर काहीही बघायला गेलं की मध्येच ती जाहिरात टपकते, "आईबाबा एकटे राहतात? काळजी सोडा, एका बटणावर मदत." गळ्यातलं लॉकेट, मनगटावरचं घड्याळ, पलंगाशेजारी ठेवायचा डबा, किंमत दोन-अडीच हजारापासून सुरू ती पन्नास हजाराच्याही वर. मी ठाण्यात, भाऊ न्यू जर्सीला, आईबाबा सांगलीत दोघंच, आई ७४ आणि बाबा ७९, त्यामुळे आमच्या घरच्या ग्रुपवर गेले कित्येक महिने हाच विषय चाललाय, भाऊ रोज नवीन लिंक टाकणार, मी त्यात खोट काढणार, बाबा नुसता अंगठा टाकून मोकळे. दिवाळी जवळ आली की बाहेरगावची मुलं हमखास असलं काहीतरी ऑर्डर करतात, म्हणून म्हटलं त्याआधीच लिहावं, लांबलं तर कात्री तुमच्या हातात आहेच.

मला सांगायचंय ते एवढंच की यंत्र कुठलं घ्यायचं हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की बटण दाबल्यावर घरात येणार कोण, आणि दार कसं उघडणार. ते ठरलेलं नसेल तर शेजारी ऐकू जाईल अशी दहा रुपयाची शिट्टी सुद्धा त्या पन्नास हजाराच्या घड्याळापेक्षा बरी, आणि हे मी चिडून नाही, पूर्ण विचार करून लिहितेय.

हे डोक्यात कसं आलं ते सांगते. महिन्याला पैसे भरायचे आणि "चोवीस तास आमची माणसं तुमच्या सेवेत" असं म्हणणाऱ्या एका कंपनीला आम्ही पैसे भरायच्या आधीच रात्री उशिरा फोन लावून बघितला. फोन उचलला पटकन, मुलगी बोलायला गोड, हिंदीत. मी तिला विचारलं की समजा आत्ता सांगलीत माझ्या आईने बटण दाबलं तर तुम्ही काय कराल? म्हणाली, आधी आईंशी बोलू, त्या बोलल्या नाहीत तर तुम्हाला फोन करू. आणि मी नाही उचलला तर? तर भावाला. म्हणजे बघा, आई सांगलीत बटण दाबणार, ते वाजणार भलत्याच राज्यातल्या कुठल्यातरी ऑफिसात, तिथून फोन येणार मला ठाण्यात, आणि मी झोपेतून उठून फोन लावणार समोरच्या काकूंना, ज्या आईपासून वीस पावलांवर झोपल्यात! एवढा मोठा वळसा घालायचे महिन्याला पैसे. अ‍ॅम्ब्युलन्स पाठवाल का विचारलं तर म्हणाली "कोऑर्डिनेट करू". या शब्दाचा अर्थ आपल्याला सगळ्यांना माहितीये. सगळ्याच कंपन्या अशा असतील असं नाही, मोठ्या शहरांत खरोखर माणूस पाठवणाऱ्या सेवा असतीलही, पण जाहिरात मात्र सगळीकडे सारखीच असते, म्हणून घ्यायच्या आधी रात्री फोन लावून बघा हे माझं पहिलं सांगणं.

आता कोणी म्हणेल पडण्याचं एवढं काय, म्हातारपणी माणूस पडायचाच. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, अपघाती मृत्यूत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा नंबर लागतो आणि त्यात साठीपुढचे सगळ्यात जास्त. पण पडण्याइतकंच वाईट असतं ते पडून राहणं, हे आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. हाड मोडलेलं नसलं तरी फरशीवर एका कुशीवर तासन्तास पडलेल्या माणसाचे दबलेले स्नायू खराब व्हायला लागतात आणि त्यातून जे रक्तात उतरतं ते किडनीला झेपत नाही, पाणी पोटात गेलेलं नसतं, अंग गार पडतं, पाठीला जखमा होतात, पुढे न्यूमोनियाची भीती. म्हणून सगळी मारामारी आहे ती पडल्यापासून कोणीतरी हात देईपर्यंतचा वेळ कमी करण्याची.

इंग्लंडात केंब्रिजला नव्वदीच्या पुढच्या लोकांचा वर्षभर माग ठेवून एक अभ्यास केला होता, २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. जे पडले त्यातल्या ८० टक्के लोकांना निदान एकदा तरी आपलं आपण उठता आलं नाही, आणि ३० टक्के लोक तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून होते. पुढचं वाचून मी गार झाले. मदतीचं बटण तिकडे बऱ्याच जणांकडे होतं! तरी जास्त वेळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगांत ते वापरलंच गेलं नव्हतं. जिथे ही बटणं वर्षानुवर्षं रुळलीयत तिथे ही गत, तर आपल्याकडे दिवाळीत आलेलं लॉकेट शिवरात्रीपर्यंत कपाटात जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

का दाबत नाहीत, हे मी सरळ आईलाच विचारलं. आधी नेहमीचं उत्तर, "कशाला तुम्हाला त्रास, तुझी मीटिंग असायची". मग भाजी निवडता निवडता हळूच खरं बोलली. म्हणाली, "समज मी मोरीत पडले, अंगावर धड कपडा नाही, आणि बटण दाबलं तर धावत येणार कोण, समोरचा तो पोरगा? त्यापेक्षा मी सरकत सरकत येईन बाहेर, लागू देत किती वेळ लागायचा तो." मला वाटतं हे एक वाक्य सगळ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर छापायला पाहिजे. आपण बॅटरी, रेंज, जीपीएस बघत बसतो आणि आपल्या आईचा विचार असा चाललेला असतो. मग आम्ही काय केलं, फोन जाणाऱ्या नंबरांची यादीच बदलली, पहिला नंबर समोरच्या काकूंचा, दुसरा मागच्या आळीतल्या आतेवहिनीचा, पुरुषमाणसं त्यानंतर आणि मी तर चौथी. आणि बाथरूममध्ये गुडघ्याच्या उंचीला एक हुक मारून त्याला एक जुना गाऊन कायमचा अडकवून ठेवला. सुताराला कळेना एवढ्या खाली हुक कशाला, पण आईला बरोबर कळलं.

बाबांची तऱ्हा वेगळी. लॉकेट बघितलं आणि म्हणाले, "गळ्यात घुंगरू बांधायला मी काय बेंदराचा बैल आहे का?" यावर बोलणार काय. घड्याळ घालतील म्हटलं तर मनगटावर त्यांचं एचएमटी, चावीचं, रोज सकाळी चहाच्या आधी चावी देणार, ते काढून दुसरं काही घालणं म्हणजे नोकरीतली सगळी वर्षं काढून ठेवल्यासारखं त्यांना वाटत असणार. भावाचा हट्ट होता अ‍ॅपलच्या घड्याळाचा, तिकडे सगळ्यांचे आईवडील तेच घालतात म्हणे. त्यातलं पडणं ओळखण्याचं फीचर २०१८ च्या सीरीज ४ पासून आलंय आणि ते चांगलं आहे यात वाद नाही, वय ५५ किंवा जास्त भरलं असेल तर ते आपोआप चालू होतं, जोरात पडलात आणि साधारण मिनिटभर हालचाल केली नाही तर ३० सेकंद उलटी गिनती करतं, जोरात वाजतं, आणि तरी तुम्ही काही केलं नाही तर इमर्जन्सी नंबरला फोन आणि ठरवलेल्या लोकांना लोकेशनचा मेसेज. कागदावर झकास. पण ते आयफोनशिवाय सुरूच होत नाही आणि बाबांकडे बटणांचा फोन, आईकडे अँड्रॉइड. शिवाय ते जवळपास रोज चार्ज करावं लागतं, आणि लोक चार्जिंगला लावतात कधी तर रात्री झोपताना. आता या वयात माणूस रात्री दोनतीनदा लघवीला उठतो, अंधारात, अर्धवट झोपेत, झोपेची किंवा बीपीची गोळी घेतलेली असते, झटकन उभं राहिलं की चक्कर येते, म्हणजे पडायचा खरा धोका तेव्हा आणि घड्याळ मात्र टेबलावर चार्जरला लटकलेलं. कोणी वापरतच असेल तर संध्याकाळी टीव्ही बघताना चार्ज करायची सवय लावा.

आणि अजून एक, ही आपोआप ओळखणारी घड्याळं धाडकन पडलेलं ओळखतात. म्हातारी माणसं पुष्कळदा धाडकन पडतच नाहीत, पलंगावरून घसरतात, भिंतीला धरत धरत खाली बसतात आणि मग उठता येत नाही. तसलं पडणं घड्याळाच्या हिशोबात बसेलच असं नाही, कंपनी स्वतःच सांगते की सगळी पडणी ओळखता येत नाहीत. तसंच त्यातला ईसीजी. काही मंडळींचा समज असतो की हार्ट अटॅक आला की घड्याळ सांगेल. नाही सांगत, ते ठोक्यांची लय बिघडलीय का ते बघतं, अटॅक ओळखत नाही, हे पण त्याच कंपनीने स्पष्ट लिहून ठेवलंय. छातीत दुखतंय आणि घड्याळ काही म्हणत नाही म्हणून घरी बसून राहिलात तर पंचाईत.

बरं, मग सिमवालं लॉकेट. यात मोबाईलचं सिम टाकायचं, बटण दाबलं की एकामागून एक चार-पाच नंबर लावतं, त्यातच स्पीकर आणि माईक, म्हणजे पडल्या जागेवरून बोलता येतं. हा प्रकार आपल्याकडे मला त्यातल्या त्यात कामाचा वाटतो. पण दुकानदाराला एवढं विचारा की कुठल्या नेटवर्कवर चालतं. स्वस्तातली बरीच यंत्रं फक्त टूजीवर चालतात आणि जिओचं टूजी नाहीच, म्हणजे जिओचं सिम त्यात घालून उपयोग नाही. टूजी पुढे किती वर्षं राहील कोणी सांगावं, अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं तेव्हा म्हाताऱ्या लोकांची असली कितीतरी यंत्रं बदलावी लागली होती, आणि ब्रिटनमध्ये जुन्या लँडलाईन बंद करायची तारीख जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलली त्याचं एक मोठं कारण हेच की तिथल्या म्हाताऱ्यांची बटणं त्या तारेवर चालतात. तेव्हा फोरजी घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

सिमचा दुसरा घोळ रिचार्जचा. लॉकेटचं सिम हे घरातलं सगळ्यात दुर्लक्षित सिम, त्यावर ना व्हॉट्सॅप ना कोणाचा फोन, त्यामुळे रिचार्ज संपल्याचं कळतच नाही, आणि सलग ९० दिवस काही वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. जानेवारी २०२५ पासून ट्रायच्या, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, आदेशामुळे नुसते कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक मिळायला लागलेत, ते याला पुरतात, पण लॉकेट जर अ‍ॅपवर लोकेशन पाठवणारं असेल तर त्याला डेटा लागणार हे लक्षात ठेवा. नुसता फोन आणि एसएमएस करणारं यंत्र मला जास्त आवडतं त्याचं कारण वेगळंच आहे. बाबांच्या एका मित्राच्या मुलाने घेतलेल्या यंत्राचं सगळं काम कंपनीच्या अ‍ॅपमधून चालायचं, एक दिवस अ‍ॅप उघडेचना, कस्टमर केअरचा फोन लागेना, कंपनी गुंडाळली की काय देव जाणे, आणि ते चांगलं नवंकोरं यंत्र आता बिनकामाचं. जे थेट आपल्या माणसाला फोन लावतं ते कंपनी बुडाली तरी चालतं. वायफायवर चालणाऱ्या बोलक्या डब्यांचं तर सांगलीत विचारूच नका, लाईट गेली की राऊटर गेला आणि राऊटर गेला की तो डबा गेला, आणि २०१९ च्या पुरात काय काय बंद होतं ते आमच्याकडे कोणीही सांगेल.

पाण्यावरून आठवलं, बाथरूममध्ये जे घालता येत नाही ते घेऊच नका. निसरडी टाईल, साबण, उंच उंबरा, सगळं तिथेच असतं आणि यंत्र मात्र लोक आंघोळीच्या आधी काढून खिडकीत ठेवतात. खोक्यावर आयपी ६७ असं काही लिहिलंय का बघा, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, पण ती चाचणी साध्या पाण्याची, गरम पाणी आणि साबण रोज रोज झेलेल याची ती गॅरंटी नव्हे. आणि गळ्यातली दोरी हिसका बसला की सुटणारी हवी, नाहीतर कुठेतरी अडकून फास बसायचा.

यावर आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू कुठली असेल तर दारावरची वायरलेस बेल. हो, साधी, इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते ती. तिचं बटण लावलं बाथरूमच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीला, आणि वाजणारा भाग समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. इंग्लंडात अपंगांच्या संडासात एक लाल दोरी असते मदतीसाठी, ती पार जमिनीजवळ येईपर्यंत लोंबती ठेवायची असते कारण पडलेल्या माणसाचा हात स्विचबोर्डपर्यंत पोचत नाही, आणि सफाईवाले ती वर गुंडाळून ठेवतात म्हणून तिकडे लोक बोंबलत असतात. तीच अक्कल इथे वापरली. बेलला ना सिम लागतं ना रिचार्ज ना अ‍ॅप ना चार्जिंग, बटणातला सेल तेवढा अधूनमधून बदलायचा आणि भिंतीपलीकडे रेंज पोचते का ते आधी वाजवून बघायचं. काकू म्हणाल्या, "वाजली की मी आलेच, पण कामवालीला सांग त्यावर पाण्याची बादली आपटू नको म्हणून."

आता दार. लोक मला म्हणतात तू दाराचं काय घेऊन बसलीस, पण विचार करा, बटण दाबलं, फोन लागला, काकू धावत आल्या, आणि दाराला आतून वरची कडी, खालची कडी, वर सेफ्टी डोअरला कुलूप. चोरांच्या भीतीने आपणच आईवडिलांना सांगितलेलं असतं की नीट सगळं लावून झोपा. मग बाहेर सगळी गल्ली जमा आणि आत आई फरशीवर. आमच्याकडे यावरून बाबांशी चांगलं वाजलं, ते कड्या काढायला तयार नव्हते आणि त्यांचं चूक होतं असंही मी म्हणणार नाही. शेवटी मागच्या दाराला बाहेरून किल्लीने उघडणारं चांगलं लॅच बसवलं, त्या दाराची कडी काढली, किल्ली एक काकूंकडे आणि एक वहिनीकडे, पुढच्या दाराला बाबा हव्या तेवढ्या कड्या लावतात. बाथरूमला बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॉक. आणि दार आत उघडत होतं ते बाहेर उघडणारं करून घेतलं, कारण माणूस आत दाराशीच पडला तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही, ढकललं तर त्यालाच लागतं. नवीन बिल्डिंगांमध्ये सुद्धा बाथरूमची दारं सर्रास आत उघडणारी असतात, "सीनियर फ्रेंडली फ्लॅट" म्हणून विकणाऱ्यांनी निदान एवढं तरी बघावं, बागेत बाक टाकले की झालं असं नसतं.

परदेशातल्या मंडळींसाठी थोडं वेगळं. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात तेव्हा न्यू जर्सीत संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेचार, म्हणजे भाऊ एकतर मीटिंगमध्ये नाहीतर गाडीत. त्याला वाटायचं की काही झालं तर तो तिथूनच ११२ लावेल. तिकडून ११२ लावलं तर ते तिकडच्याच ९११ ला जाणार, सांगलीला नाही, आणि १०८ तर तिकडून लागणारच नाही. त्यामुळे जवळच्या दवाखान्याचा, त्यांच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा आणि पोलीस स्टेशनचा पूर्ण नंबर, म्हणजे आमच्या बाबतीत ९१ २३३ लावून सुरू होणारा, फोनमध्ये सेव्ह करून ठेवायचा आणि एकदा लावून बघायचा. अजून एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही, तिकडच्या फोनला व्हॉइसमेल असतो, लॉकेटने लावलेला फोन व्हॉइसमेलने उचलला की पुष्कळ यंत्रांना वाटतं माणसाने उचलला, झालं काम, पुढचे नंबर लावायचंच ते थांबवतं. म्हणून परदेशातला नंबर यादीत एकदम शेवटी, नाहीतर नकोच. आणि यंत्राच्या सिमचा नंबर सगळ्यांनी मोठ्या अक्षरात "आई बटण" अशा काहीतरी नावाने सेव्ह करा, हल्ली अनोळखी नंबर दिसला की लोनवाल्यांचा असेल म्हणून आपण कापतोच. फोन सायलेंटवर असला तरी त्या एका नंबरची रिंग वाजेल अशी सेटिंग दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये असते, घरातल्या कॉलेजच्या पोराकडून करून घ्या.

जीपीएसचं फार कौतुक नको. ते बिल्डिंगपर्यंत नेतं, मजला सांगत नाही, आणि आमच्यासारख्या बोळातल्या घराचं तर समोरच्या रस्त्यावरच टाचणी टोचतं. त्यापेक्षा फोनशेजारी भिंतीवर एक कागद, पूर्ण पत्ता, कुठल्या देवळामागे, कुठल्या दुकानाच्या बोळात, गाडी कुठपर्यंत येते, आणि खाली चालू असलेल्या गोळ्यांची नावं. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता धड सांगता येत नाही, वाचता मात्र येतो.

आणि ज्यांना यातलं काहीच परवडत नाही किंवा आईवडील ऐकतच नाहीत त्यांच्यासाठी, हातातल्या फोनमध्येच एक बटण आहे. २०१६ च्या सरकारी नियमाने १ जानेवारी २०१७ पासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलला पॅनिक बटण असावं लागतं, बटणांच्या फोनला ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनला पॉवरचं बटण पटापट दाबायचं, तीनदा की पाचदा ते आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये बघून घ्या, ते ११२ ला जातं. बाबांना हे सांगितल्यावर ते एकदम खूष, कारण गळ्यात काही नाही, मनगटाला काही नाही, खिशात फोन असतोच. आता फोन शर्टाच्या खिशात ठेवून आंघोळीला कोण जातं हा प्रश्न उरतोच, पण तिथे खाली बेल आहे. सरकारची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन पण चांगली आहे, पेन्शन, कायदा, कोणी छळत असेल तर वगैरे, पण ती सकाळी ८ ते रात्री ८, पडल्यावर लावायचा तो नंबर नव्हे, पडल्यावर १०८ नाहीतर ११२.

एवढं करून शेवटी आमच्याकडे ठरलं ते असं, आईच्या गळ्यात फोरजीचं बिनअ‍ॅपचं लॉकेट, ती ते पोतीबरोबर घालते आणि ब्लाउजच्या आत सारते म्हणजे दिसत नाही, बाबांकडे मोठ्या बटणांचा मागच्या बाजूला एसओएस असलेला फोन, बाथरूममध्ये बेल. आणि दर संकष्टीला चंद्रोदयाच्या आधी आई लॉकेटचं बटण दाबून बघते, काकू फोन उचलतात, मोदक झाले का विचारतात आणि ठेवतात. यात चाचणी होते, सिम वापरात राहतं, आणि मुख्य म्हणजे बटण दाबायची भीड मोडते. बाबा देवाधर्माचं काही करत नाहीत म्हणून त्यांची चाचणी पेन्शन जमा झाल्याच्या दिवशी. झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोललो, रात्रीचा दिवा लावला, चष्म्याचा नंबर बदलला, हे तर कुठलंही यंत्र घ्यायच्या आधी करायचंच असतं, त्यावर वेगळं लिहीत नाही.

माझी मागणी दोन जणांकडे. कंपन्यांनी खोक्यावर हसऱ्या आजीआजोबांचा फोटो छापण्याऐवजी तीन ओळी छापाव्यात, बटण दाबल्यावर पहिला फोन कोणाला जातो, लाईट आणि इंटरनेट नसेल तर काय होतं, आणि कंपनी बंद पडली तर यंत्र चालतं की नाही. ग्राहक म्हणून हे विचारायचा आपल्याला हक्क आहे आणि दुकानात विचारलं की विक्रेता तुमच्या तोंडाकडे बघत बसतो. दुसरी मागणी गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांकडे, सहली आणि कोजागिरी चालू द्या, पण त्यासोबत प्रत्येक आळीत किल्ली कोणाकडे आणि रात्री फोन कोण उचलणार याची एक वही ठेवा. सगळ्यांचे शेजारी आमच्या काकूंसारखे नसतात, आणि काकूंचंही वय ६८ आहे.

त्या शेवटच्या गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून वाचकांनाच विचारते. सांगली, मिरज, कुपवाड या भागात रात्री-अपरात्री फोन केल्यावर खरोखर माणूस घरी पाठवणारी कुठली सेवा, संस्था, मंडळ कोणाच्या अनुभवात आहे का? नुसतं कॉल सेंटर नको. असेल तर याच सदरात कळवावं, पैसे किती घेतात तेही लिहावं.

कळावे,
आपली नेहमीची एक वाचक,
ठाणे